व्याख्या, वर्णन आणि करार : वेब सर्व्हिसच्या वर्णनपत्राचा मध्यस्थाकरवी प्रवास

वेब सर्व्हिसचे वर्णन ज्या भाषेत लिहिले जाते तिच्या नावात आणि रचनेत एक लहानसा शब्दविरोध आहे. २००१ च्या मार्च महिन्यात 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या त्या भाषेचे नाव 'वेब सर्व्हिसेस डिस्क्रिप्शन लँग्वेज', संक्षेपाने डब्ल्यूएसडीएल. 'डिस्क्रिप्शन' म्हणजे वर्णन. परंतु या भाषेत लिहिलेले कोणतेही पत्र उघडून पाहिले तर त्याच्या सर्वांत बाहेरच्या घटकाचे नाव 'डेफिनिशन्स', म्हणजे व्याख्या, असे आढळते. शिवाय या भाषेच्या लगतच्या पूर्वजांपैकी मायक्रोसॉफ्टच्या एका भाषेच्या नावात 'कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे करार, हा शब्द होता. ही तीन निरनिराळी वाक्कर्मे होत. वर्णन जे आहे ते सांगते; म्हणून ते चुकू शकते. व्याख्या काय समजावयाचे ते ठरवून देते; ती सोयीची वा गैरसोयीची असेल, परंतु तिला चूक म्हणता येत नाही. करार चुकत नाही, मोडतो. आणि तो मोडला म्हणजे कोणीतरी त्याला उत्तरदायी असतो.

सेवा देणारा संगणक आणि सेवा घेणारा संगणक यांच्यामध्ये एखादी मध्यस्थ प्रणाली, जिला व्यवहारात मिडलवेअर म्हणतात ती, उभी राहते आणि तीच ग्राहकाच्या हाती हे पत्र ठेवू लागते, तेव्हा ते पत्र या तिन्हींपैकी नेमके काय असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या कामासाठी गेल्या दोन दशकांत जी साधने घडली त्यांनी पत्रातील पत्ता बदलण्याचा प्रश्न मोठ्या कसोशीने सोडविला. पत्र देणारा बदलला की पत्रातील विधानाचे उत्तरदायित्वही बदलते, हा प्रश्न मात्र त्यांनी प्रश्न म्हणून ओळखला नाही. हे का घडले ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ज्या वाचकांचा संगणकाशी संबंध लेखनापुरताच आहे त्यांच्यासाठी प्रथम एवढे सांगितले पाहिजे की, वेब सर्व्हिस म्हणजे माणसाने वाचावयाचे पान नव्हे. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला, जाळ्यातून, ठरलेल्या साच्यातील प्रश्न विचारावयाचा आणि ठरलेल्या साच्यातील उत्तर घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था होय. प्रश्नाचा साचा कोणता, उत्तराचा कोणता, आणि प्रश्न कोठे पाठवावयाचा, हे ज्यात लिहिलेले असते ते वर्णनपत्र. ते यंत्राने वाचावयाचे असते. ग्राहकाकडील साधन ते वाचते आणि त्यावरून प्रश्न पाठविणारा प्रोग्राम आपोआप तयार करते. म्हणूनच या पत्रात जे लिहिले असेल ते ग्राहकाच्या दृष्टीने अक्षरशः प्रमाण ठरते.

साचा आणि ठिकाण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ही जाणीव या क्षेत्रात पहिल्यापासून होती. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरस्थ संगणकावरील कार्य जवळच्याच कार्याप्रमाणे पुकारण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९८४ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. त्या निबंधात एक भेद केलेला आहे, जो पुढील सर्व इतिहासाला पुरून उरतो. ग्राहक ज्या 'इंटरफेस'ची मागणी करतो त्याच्या नावाचे त्यांनी दोन भाग पाडले : एक प्रकार, दुसरा व्यक्ती. प्रकार म्हणजे कोणत्या जातीची सेवा हवी. व्यक्ती म्हणजे त्या जातीची सेवा देणाऱ्यांपैकी नेमकी कोणाची हवी. व्यक्तीचा जाळ्यातील पत्ता कोठे, हे मात्र नावात येतच नसे. तो 'ग्रेपव्हाइन' नावाच्या वितरित माहितीसाठ्यातून त्या त्या वेळी शोधून काढला जाई. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर सामान्यनाम, विशेषनाम आणि राहण्याचे ठिकाण या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

सन कंपनीच्या पद्धतीत हाच भेद अधिक रोकड्या रूपात आला. तेथे प्रत्येक सेवेला क्रमांक असे, आणि ती सेवा या घटकेला यंत्राच्या कोणत्या दारावर आहे हे १११ या ठरलेल्या दारावर बसलेला एक 'पोर्टमॅपर' सांगे. सेवेचे वर्णन वेगळ्या फाइलीत असे. ते प्रोग्रामरच्या टेबलावर राही आणि जाळ्यातून प्रवास करीत नसे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप' या मंडळाने १९९१ मध्ये कोर्बा हे मानक प्रसिद्ध केले. त्यात इंटरफेसचे वर्णन करण्यासाठी स्वतंत्र भाषा तर होतीच. शिवाय ती वर्णने जेथे साठवावयाची आणि चालत्या प्रणालीतून जेथे विचारावयाची असे एक 'इंटरफेस रिपॉझिटरी' नावाचे भांडारही कल्पिलेले होते. वर्णन हीच एक विचारण्याची वस्तू झाली, हा येथे नवा भाग. तरीही पत्ता त्या वर्णनात नव्हता. तो एका वेगळ्या, माणसाला न वाचता येणाऱ्या लांबलचक संदर्भात गुंडाळलेला असे.

१९९८ च्या फेब्रुवारीत एक्सएमएल ही खुणांची भाषा प्रमाणित झाली आणि संदेश माणसाला दिसेल अशा अक्षरांत लिहिण्याची सोय झाली. २००० च्या मे महिन्यात 'सोप' नावाच्या संदेशपद्धतीची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. संदेशाचा लिफाफा ठरला; परंतु लिफाफ्यात काय घालावयाचे हे सेवेगणिक वेगळे असल्याने त्याचे वर्णन करणारी भाषा हवी होती. आयबीएमची एक होती, मायक्रोसॉफ्टच्या दोन होत्या. बोलीभाषांच्या अशा गर्दीतून प्रमाणभाषा तयार होण्याचा क्रम आपल्या परिचयाचाच आहे; येथे तो विलक्षण वेगाने घडला. २००० च्या सप्टेंबरात अरिबा, आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी डब्ल्यूएसडीएलचा पहिला मसुदा पुढे मांडला आणि सहा महिन्यांत १.१ ही आवृत्ती कन्सॉर्शियमकडे गेली. तिच्या चार संपादकांत आयबीएमच्या बाजूने संजीव वीरवर्ण हे श्रीलंकेचे संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. ही आवृत्ती कन्सॉर्शियमने केवळ 'नोट' म्हणून प्रसिद्ध केली, शिफारस म्हणून नव्हे. म्हणजे ज्या ग्रंथावर पुढील दशकभर सारा व्यवहार चालला त्याला मान्यतेची मुद्रा अशी नव्हतीच. कोशकारांना आणि व्याकरणकारांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या भाषेतील पत्राची रचना पाहण्याजोगी आहे. आरंभी प्रकार, मग संदेश, मग 'पोर्टटाइप', म्हणजे कोणत्या क्रिया करता येतात त्यांची यादी. येथवरचा भाग अमूर्त. त्यानंतर 'बाइंडिंग', म्हणजे त्या क्रिया कोणत्या लिफाफ्यातून करावयाच्या. आणि शेवटी 'सर्व्हिस', ज्याच्या पोटात एका घटकात प्रत्यक्ष पत्ता लिहिलेला. बिरेल-नेल्सन यांचा प्रकार आणि व्यक्ती हा भेद येथे जसाच्या तसा आहे. परंतु त्यांनी नावाबाहेर ठेवलेला पत्ता आता पत्राच्या आत, शेवटच्या ओळींत, येऊन बसला. संपादकांना यातील धोका दिसत होता असे मला वाटते. कारण मूळ ग्रंथातच लेखनपद्धतीविषयी एक छोटा परिच्छेद आहे, आणि त्यात शेअरच्या भावाची चौकशी करणारे उदाहरण तीन वेगळ्या फाइलींत फोडून दाखविले आहे : एकीत प्रकार, दुसरीत अमूर्त वर्णन, तिसरीत पत्त्यासह प्रत्यक्ष सेवा. हा सल्ला पाळला गेला असता तर प्रस्तुत लेखाचा निम्मा विषय उद्भवला नसता.

तो पाळला गेला नाही, कारण पत्रे माणसे लिहिणार नव्हती. प्रोग्रामर आपल्या नेहमीच्या भाषेत प्रोग्राम लिही आणि साधन त्यातून वर्णनपत्र काढून देई. अपाची संस्थेच्या 'ॲक्सिस'मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या साधनांत अशी सोय झाली की, सेवेच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून 'डब्ल्यूएसडीएल' ही अक्षरे लिहिली की सेवा स्वतःच आपले वर्णन करून दाखवी. १.१ च्या मूळ ग्रंथात हा संकेत कोठेही नाही. तो रूढीने आला आणि रूढीनेच टिकला. सेवेलाच विचारावे, 'तू कोण', आणि तिने सांगावे, 'मी अमुक, राहणार अमुक ठिकाणी'. या उत्तरातील ठिकाण म्हणजे त्या यंत्राला स्वतःचा जो पत्ता माहीत असे तो.

वर्णनपत्रे सार्वजनिक नोंदवहीत ठेवावीत असा दुसराही मार्ग होता. 'यूडीडीआय' या नावाने २००० सालीच त्याची घोषणा झाली, आणि आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप यांनी अशी जागतिक नोंदवही काही वर्षे चालविलीही. २००६ च्या जानेवारीत ती बंद झाली. अनोळखी व्यापारी एकमेकांची वर्णने वाचून व्यवहार जमवतील ही कल्पना होती. प्रत्यक्षात व्यवहार ओळखीच्यांतच राहिले आणि वर्णनपत्र मिळविण्याचे ठिकाण म्हणून शेवटी उरले ते प्रश्नचिन्ह.

मध्यस्थाचा प्रवेश झाला तो या टप्प्यावर. मोठ्या संस्थेत डझनावारी सेवा झाल्या की प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलणे गैरसोयीचे होते. कोणाला आत घ्यावे, कोणाची नोंद ठेवावी, जुन्या साच्यातील संदेश नव्यात कसा बदलावा, ही कामे एका ठिकाणी व्हावीत असे वाटू लागते. अशा मधल्या प्रणालीला 'एंटरप्राइझ सर्व्हिस बस' हे नाव २००२ च्या सुमारास गार्टनर संस्थेचे रॉय शुल्टे यांच्या लेखनामुळे रूढ झाले. २००४ मध्ये डेव्हिड चॅपेल यांचे त्याच नावाचे पुस्तक निघाले. या काळातील एका प्रणालीचे नाव 'म्यूल', म्हणजे खेचर. रॉस मेसन यांनी ते ठेवले, कारण त्यांना प्रणाली जोडण्याच्या कामातील ओझी वाहण्याचा भाग प्रोग्रामरच्या पाठीवरून उतरवावयाचा होता. नाव मार्मिक आहे. आणि खेचराला आपण वाहत असलेल्या मालाच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे याची चिंता नसते, हेही त्यात अभावितपणे सूचित होते.

आता अडचण पाहा. ग्राहक मध्यस्थाकडे येतो आणि प्रश्नचिन्ह टाकून वर्णन मागतो. मध्यस्थाने काय द्यावे? त्याने मागणी जशीच्या तशी मूळ सेवेकडे धाडली आणि आलेले उत्तर परत केले, तर त्या पत्राच्या शेवटी मूळ सेवेचा आतला पत्ता असतो. ग्राहकाचे साधन तो प्रमाण मानते, आणि पुढील सारे प्रश्न मध्यस्थाला वळसा घालून थेट आत जाऊ पाहतात. आतले दार बाहेरच्यांना बंद असेल तर सेवा चालत नाही. उघडे असेल तर त्याहून वाईट, कारण मध्यस्थ नेमण्याचा हेतूच फसतो. तेव्हा पत्ता बदलणे भाग. काही प्रणालींनी हे केवळ अक्षरांची अदलाबदल करून साधले : जेथे जेथे आतला पत्ता दिसेल तेथे तेथे बाहेरचा लिहावा. हस्तलिखितांच्या नकला ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना अशा यांत्रिक दुरुस्तीचे परिणाम सांगावयास नकोत. वर्णनपत्रात वेबपत्त्यासारखी दिसणारी अक्षरे दोन कारणांनी येतात. कोठे ती खरोखर पत्ता असतात, तर कोठे केवळ नामावकाशाचे नाव, म्हणजे एक प्रकारचे कुलनाम. कुलनाम बदलले की संदेश दुसऱ्याच घराण्यातील ठरतो आणि मूळ सेवा त्याला ओळखत नाही.

यापेक्षाही चिवट अडचण आयातीची. वर्णनपत्र एकसंध असतेच असे नाही; प्रकारांच्या व्याख्या वेगळ्या फाइलींत ठेवून त्या आयात केलेल्या असतात, आणि त्या फाइलींचे पत्तेही आतलेच असतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत एका सेवेचे वर्णन अशा अनेक तुकड्यांत पसरे. एकाच फाइलीत सलग वर्णन देण्याची सोय तेथे २०१२ मध्ये ४.५ या आवृत्तीत झाली. त्याआधी २०१० च्या चौथ्या आवृत्तीत आणखी एक सोय झाली होती : यंत्राने पत्रात स्वतःला माहीत असलेला पत्ता न लिहिता, विचारणाऱ्याने ज्या नावाने हाक मारली ते नाव लिहावे. भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा बदल फार अर्थपूर्ण आहे. 'येथे' या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतो हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतो. वर्णनपत्रातील पत्ता हा असाच दर्शक शब्द आहे, त्याला कोशातील स्थिर शब्द मानल्यामुळे हा घोळ झाला, हे साधनांना दहा वर्षांनी उमगले.

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर मला अपाची 'सिनॅप्स' या प्रणालीत दिसते. तिचा आरंभ २००५ मधला. त्याच वर्षी संजीव वीरवर्ण यांनी आयबीएम सोडून सहकाऱ्यांसह 'डब्ल्यूएसओटू' ही कंपनी काढली होती. सिनॅप्सच्या उभारणीत या कंपनीचा वाटा मोठा होता आणि तिची स्वतःची बसही त्याच पायावर उभी राहिली. ज्याने वर्णनाची भाषा घडविली त्याच्याच मंडळींनी ते वर्णन मध्यस्थाकरवी कसे दाखवावे याची सोय केली, हा योगायोग खचित नव्हे. तेथे मध्यस्थाच्या रचनेतच 'वर्णन प्रसिद्ध करा' असा एक घटक आहे. वर्णन कोठून घ्यावयाचे ते त्यात सांगता येते : मूळ सेवेच्या पत्त्यावरून, मध्यस्थाच्या स्वतःच्या भांडारातून, किंवा तेथल्या तेथे संपूर्ण लिहून. आयात होणाऱ्या प्रत्येक फाइलीचा जुना पत्ता आणि भांडारातील तिची जागा यांची जोडीही तेथेच लावून देता येते. पत्ता मध्यस्थ स्वतःचा घालतो.

आणि वर्णन कोठून घ्यावे हे सांगितलेच नाही तर? तर मध्यस्थ स्वतःचे वर्णन आपणच रचतो. त्यात क्रिया एकच असते; तिचे नाव 'मीडिएट', म्हणजे मध्यस्थी कर. काय घेतो, काय देतो, यावर बंधन नाही. हे वर्णन सर्वथा सत्य आहे आणि सर्वथा निरुपयोगी. मध्यस्थ प्रामाणिकपणे स्वतःविषयी बोलू लागला तर एवढेच बोलू शकतो. उपयोगी बोलावयाचे तर त्याला दुसऱ्याच्या वतीने बोलावे लागते.

दुसऱ्याच्या वतीने बोलणे, येथेच खरा प्रश्न सुरू होतो. सिनॅप्समध्ये मूळ पत्त्यावरून वर्णन घ्यावे असे सांगितले तरी ते ग्राहकाने विचारल्यावर घेतले जात नाही. मध्यस्थसेवा उभी केली जाते त्या क्षणी ते वाचले जाते आणि मग तीच प्रत दाखविली जाते. भांडारातील प्रतीची गोष्ट तर उघडच आहे. म्हणजे ग्राहकाला मिळते ते सेवेचे वर्णन नव्हे, ती सेवा पूर्वी केव्हातरी कशी होती याचे वर्णन असते. परंतु पत्रातील भाषा मात्र वर्तमानकाळाची. त्यावर दिनांक नसतो.

याचा प्रत्यय मला स्वतःला आलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका कोशप्रकल्पात, ज्यात माझा थोडा सहभाग होता, शब्दांच्या नोंदी वेब सर्व्हिसद्वारे इतर अभ्यासकांना खुल्या करण्यात आल्या. सेवा एका संस्थेत होती, मध्यस्थ प्रणाली दुसऱ्या संस्थेत. वर्णनपत्र मध्यस्थाने आपल्या भांडारात ठेवले होते. त्यात शब्दजातींची यादी परंपरेप्रमाणे आठांची होती : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी. पुढे संपादकमंडळात पुष्कळ वाद होऊन निपात आणि अनुकरणवाचक या दोन जाती स्वतंत्र केल्या गेल्या व सेवेत त्या येऊ लागल्या. मध्यस्थाच्या भांडारातील प्रत बदलावयाची राहिली. संदेश तेथून बिनतक्रार पार होत होते, कारण मध्यस्थ संदेश तपासून पाहत नव्हता. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या वर्णनपत्रावरून ग्राहकप्रोग्राम तयार करून घेतला आणि द्विरुक्त शब्दांच्या वर्गवारीवर प्रबंधिकेचे एक प्रकरण लिहिले. तिच्या साधनाला यादीबाहेरची शब्दजात दिसली की ते त्रुटी न दाखविता जागा रिकामी सोडी, आणि रिकाम्या नोंदी तिने रीतसर 'अवर्गीकृत' म्हणून मोजल्या. द्विरुक्त शब्दांत अनुकरणवाचकांचा भरणा किती असतो हे जाणणाऱ्यास तिच्या कोष्टकाचे काय झाले असेल याची कल्पना येईल. प्रकरणाचा निष्कर्ष असा निघाला की कोशकारांनी या शब्दांच्या वर्गवारीत हयगय केली आहे. वस्तुतः त्यांनी केलेली सर्वांत काळजीपूर्वक वर्गवारी तीच होती. मौखिक परीक्षेच्या तीन आठवडे आधी ही गोष्ट उघडकीस आली, तीही एका संपादकाने चिडून केलेल्या विचारणेमुळे. प्रकरण पुन्हा लिहावे लागले आणि एक सत्र गेले.

चूक कोणाची, हे ठरविण्यासाठी जी बैठक झाली तीत प्रत्येकाने वर निर्देशिलेल्या तीन शब्दांपैकी आपल्या सोयीचा शब्द घेतला. सेवा चालविणाऱ्यांचे म्हणणे, ते पत्र म्हणजे व्याख्या. ती आमची, आम्ही ती बदलली, मध्यस्थाने ती पुन्हा घ्यावयास हवी होती. मध्यस्थ चालविणाऱ्यांचे म्हणणे, ते केवळ वर्णन; दुसऱ्याने केलेले आम्ही दाखविले, त्याच्या खरेखोटेपणाशी आमचा संबंध नाही. विद्यार्थिनीने ते करार समजून वापरले होते. तिचे समजणे चूक होते असे मला अजूनही म्हणवत नाही. कारण पत्रात जो पत्ता होता तो मध्यस्थाचा होता. 'या ठिकाणी या, येथे या साच्यात उत्तर मिळेल' असे जो सांगतो त्याने ते स्वतःच्या वतीने सांगितलेले असते. आतला पत्ता काढून स्वतःचा घातला, त्या क्षणी मध्यस्थ केवळ निवेदक राहिला नाही.

दुभाष्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे, पण मर्यादेतच. दुभाष्या चुकला तर ऐकणाऱ्यास निदान हे ठाऊक असते की मधे दुभाष्या होता. वर्णनपत्राच्या बाबतीत मध्यस्थाची सारी कुशलता आपण मधे आहोत हे दिसू न देण्यात खर्च होते. त्यातून हे पत्र रूपाचे वर्णन करते, अर्थाचे नव्हे. शब्दजातीच्या घटकात कोणती अक्षरे चालतील एवढे ते सांगते. 'निपात' म्हणजे काय हे सांगत नाही. त्यामुळे मध्यस्थाने रूप तंतोतंत राखूनही अर्थ हलविणे शक्य असते, आणि त्याची खूण पत्रात कोठेच उमटत नाही.

मध्यस्थाला याहून वेगळी भूमिका देता येते, याचे एक उदाहरण आपल्याकडील आहे. राष्ट्रीय ई-शासन कार्यक्रमाखाली 'सी-डॅक'च्या मुंबई केंद्राने शासकीय विभागांना जोडणारे जे गेटवे घडविले व जे २००८ मध्ये कार्यान्वित झाले, त्यात संदेशाचा साचा आधी ठरविला गेला आणि विभागांनी आपल्या सेवा त्यानुसार जुळवून घ्यावयाच्या होत्या. तेथे मध्यस्थ दुसऱ्याचे वर्णन पुढे करीत नव्हता. साच्यापुरती व्याख्या त्याच्याच बाजूची होती. अशा व्यवस्थेत लवचीकपणा कमी, हे खरे. परंतु साचा कोणाचा असा प्रश्न बैठकीत विचारावा लागत नाही.

इकडे मूळ भाषेचीही सुधारणा झाली. डब्ल्यूएसडीएलची २.० ही आवृत्ती २००७ च्या जूनमध्ये रीतसर शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. 'पोर्टटाइप' जाऊन 'इंटरफेस' आले, 'पोर्ट' जाऊन 'एंडपॉइंट' आले, आणि बाहेरच्या घटकाचे 'डेफिनिशन्स' हे नाव जाऊन 'डिस्क्रिप्शन' झाले. ज्या शब्दविरोधापासून हा लेख सुरू केला तो अशा रीतीने मिटला, आणि व्याख्येवरचा हक्क सोडून वर्णनाची नम्र भूमिका पत्कारली गेली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी सुधारणा : एंडपॉइंटवर पत्ता लिहिणे आता ऐच्छिक झाले. बिरेल आणि नेल्सन यांनी जो पत्ता नावाबाहेर ठेवला होता तो पुन्हा पत्राबाहेर ठेवता येऊ लागला. परंतु १.१ ची साधने एव्हाना सर्वत्र रुजली होती. मान्यता मिळालेली आवृत्ती ग्रंथात राहिली आणि मान्यता नसलेली व्यवहारात.

पुढे वेब सर्व्हिसचा ओघच पालटला. सोपचा लिफाफा टाकून साध्या वेबपत्त्यांवर चालणाऱ्या सेवा वाढल्या, आणि त्यांच्या वर्णनासाठी आधी 'स्वॅगर' व २०१५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या मंडळाच्या छायेत 'ओपन एपीआय' हे मानक आले. त्याच्या २०१७ मधील ३.० या आवृत्तीत सेवेचा पत्ता सापेक्ष लिहिण्याची मुभा आहे : वर्णनपत्र जेथून मिळाले त्या ठिकाणाच्या संदर्भाने पत्ता समजावा. काहीच लिहिले नाही तरी तसेच समजले जाते. दर्शक शब्दाला अखेर दर्शक शब्द म्हणून मान्यता मिळाली. मध्यस्थाने आता पत्रातील एक अक्षरही न बदलता ते पुढे केले तरी 'येथे' याचा अर्थ आपोआप त्याचे दार असा होतो. पत्त्याचा प्रश्न याहून सुबकपणे सुटेल असे वाटत नाही. त्याच्या सुटण्याने उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र अधिक अवघड झाला, कारण आता पत्रावर मध्यस्थाच्या हाताची, खाडाखोडीइतकीसुद्धा, खूण राहत नाही.

आमचा कोशप्रकल्प अद्याप जुन्या १.१ वरच चालतो. त्या भाषेत 'डॉक्युमेंटेशन' नावाचा एक घटक आहे. त्यात माणसांसाठी हवे ते गद्य लिहिण्याची मुभा असते. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर त्यात दोन ओळी घालण्याचे ठरले : मूळ पत्र कोणत्या दिवशी वाचले, आणि मध्यस्थाने त्यात काय बदलले. दुसऱ्या ओळीच्या मजकुरावर दोन्ही संस्थांचे एकमत व्हावयास चार महिने लागले. ग्राहकाकडील साधने प्रोग्राम तयार करताना तो घटक वाचत नाहीत. म्हणून नव्या विद्यार्थ्याला सेवेची ओळख करून देताना मी ते पत्र आधी छापून घ्यावयास सांगतो.